फुगलेली गिट रिपॉझिटरी खरोखर लहान कशी करायची

गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) वापरताना मोठी फाइल डिलीट करून कमिट केलं (बदल नोंदवला) की रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांची सगळी हिस्टरी) लहान होते, हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. फाइल जुन्या कमिटमध्ये तशीच राहते आणि क्लोन करणाऱ्या, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या, प्रत्येकाला ती उतरवून घ्यावी लागते. 'गिट जीसी --अग्रेसिव्ह', म्हणजे गिटची साफसफाई करून डेटा दाबून साठवण्याची आज्ञा, हा दुसरा लाडका सल्ला. त्यात वेळ भरपूर जातो, पण हिस्टरीत अडकलेला डेटाबेसचा डंप जागचा हलत नाही.

आधी 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' चालवून 'साइझ-पॅक'चा (दाबून साठवलेल्या डेटाच्या आकाराचा) आकडा टिपून ठेवा. सगळ्यांना आपापलं काम पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) सांगा, त्यानंतर पुश बंद. मूळ रिपॉझिटरीची एक प्रत बाजूला ठेवा आणि ताजा क्लोन घ्या.

हत्यार एकच: गिट फिल्टर-रिपो, हिस्टरी पुन्हा लिहिणारं वेगळं साधन. त्याच कामाच्या गिटमधल्या जुन्या फिल्टर-ब्रँच आज्ञेच्या वाटेला जाऊ नका, खुद्द गिटच्या मॅन्युअलमध्येच ते टाळा असं लिहिलं आहे. 'गिट फिल्टर-रिपो --ॲनालाइझ' चालवलं की अहवाल मिळतात. त्यातली डिलीट झालेल्या फाइलींची यादी आधी वाचा, कारण बहुतेक गुन्हेगार तिथेच सापडतात. मग '--इन्व्हर्ट-पाथ्स --पाथ' देऊन नेमक्या फाइली काढा. '--स्ट्रिप-ब्लॉब्स-बिगर-दॅन १०एम' सोपं वाटतं, पण ते आज वापरात असलेल्या मोठ्या फाइलीही उडवतं, म्हणून यादी पाहिल्याशिवाय ते नकोच. रिफ्लॉग (ब्रँच आधी कुठे होत्या याची स्थानिक नोंद) साफ करणं आणि जीसी ही कामं फिल्टर-रिपो स्वतःच करतं.

खरी कसोटी इथून पुढे आहे, आणि बहुतेक लेख नेमके इथेच संपतात. ज्या कमिटमध्ये नको असलेली फाइल पहिल्यांदा आली, तिथपासून पुढच्या प्रत्येक कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) बदललेला असतो. कमिटवरच्या डिजिटल सह्याही जातात. फिल्टर-रिपो 'ओरिजिन' रिमोट (सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीचा पत्ता) मुद्दाम काढून टाकतं, चुकून पुश होऊ नये म्हणून. बदल तपासून झाल्यावरच तो पुन्हा जोडा आणि 'गिट पुश --फोर्स --मिरर ओरिजिन' चालवा. फक्त ब्रँच (कामाच्या शाखा) पुश केल्या तर सर्व्हरवरचे जुने टॅग (ठरावीक कमिटला दिलेली नावं) सगळा ढीग धरून बसतात, आणि 'एवढं करूनही साइझ कमी का होत नाही' हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. गिटहबवर (गिट रिपॉझिटरी ठेवण्याच्या सेवेवर) पुल रिक्वेस्टचे, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांचे, रेफ (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) आपल्याला बदलता येत नाहीत. ते जुनं ओझं काढायचं तर त्यांच्या सपोर्टलाच विनंती करावी लागते. फोर्क, म्हणजे इतरांनी सर्व्हरवर केलेल्या स्वतःच्या प्रती, वेगळेच; त्या आपल्या पुशने बदलत नाहीत.

आता सगळ्यांत घातक गोष्ट. टीममधल्या कुणी जुन्या क्लोनमध्ये नुसतं 'गिट पुल' केलं (सर्व्हरवरचे बदल ओढले), तर गिट जुनी आणि नवी हिस्टरी मर्ज करू शकतं. पुढच्या पुशसोबत काढलेला सगळा कचरा परत येतो, आणि बरेचसे कमिट दोनदा दिसू लागतात. मी हे होताना पाहिलं आहे. म्हणून 'रीसेट करा, चालेल' असली सूट कुणालाही देऊ नका. प्रत्येकाने जुनं फोल्डर हटवून नव्याने क्लोन करायचं, बिल्ड सर्व्हरच्या कॅशसकट. कुणाचे कमिट पुश व्हायचे राहिले असतील, तर फोल्डर हटवण्याआधी जुन्या क्लोनमधून 'गिट फॉरमॅट-पॅच'ने पॅच काढायचे आणि नव्यात 'गिट ॲम'ने लावायचे. रिबेसनेही (आपले कमिट नव्या हिस्टरीवर उचलून ठेवूनही) जमतं, पण घाईत जुना कमिट सोबत ओढला जातो, म्हणून मी पॅचच सांगतो.

सर्व्हर आपल्या ताब्यात असेल तर प्री-रिसीव्ह हुक (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणारी तपासणी) लावा: नको असलेली फाइल आणणारा तो जुना कमिट ज्या पुशमध्ये असेल, तो पुश नाकारायचा. ठरावीक साइझपेक्षा मोठ्या फाइलीही तिथेच अडवा. ज्या मोठ्या फाइली लागतातच, त्यांना गिट एलएफएस, जे मोठ्या फाइली रिपॉझिटरीबाहेर वेगळ्या ठेवतं.

ज्या प्रकल्पात जुने हॅश जागोजागी नोंदवलेले आहेत किंवा फोर्क हाताबाहेर गेले आहेत, तिथे हिस्टरीला हात लावू नका. 'गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन' वापरा. सर्व्हरवरची साइझ तेवढीच राहते, पण जुन्या फाइलींचा मजकूर गरज पडेल तेव्हाच उतरतो.