प्रारूप प्रभागरचनेवर हरकत कशी घ्यावी

महापालिकेची प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली की चर्चा सुरू होते ती इच्छुकांची. तुम्ही आधी नकाशा उघडा. २०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते. प्रभाग त्याच प्रगणक गटांवरून, म्हणजे जनगणनेत एकेका प्रगणकाला नेमून दिलेल्या घरांच्या गटांवरून पाडतात, त्यामुळे वस्तीतले लोक नकाशा घेऊन माझ्याकडे येतात.

नकाशासोबत चतुःसीमांचं वर्णन असतं. ते छापून घ्या आणि हद्दीवरून प्रत्यक्ष चालत जा. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता यांना धरून हद्द आखावी, दलित वस्ती शक्यतो फोडू नये, असं राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशात असतं. आमच्याकडे हद्द नाल्याच्या काठाने नीट चालली होती. मारुतीच्या देवळापाशी तिने नाला सोडला, वस्तीतल्या गल्लीत शिरली आणि शाळेमागे पुन्हा नाल्याला येऊन मिळाली. निम्मी वस्ती पलीकडच्या प्रभागात गेली. दोन्हीकडे तिच्या मतांना वजन उरलं नाही. शिवाय अनुसूचित जातींसाठीचे प्रभाग त्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरतात. वस्ती फुटली की टक्का घसरतो आणि आरक्षणही हातचं जाऊ शकतं. अमेरिकेत यालाच गेरीमँडरिंग म्हणतात. तिथे विरोधी मतदार एकाच मतदारसंघात कोंबून बाकीचे मोकळे करून घेण्याचाही प्रकार चालतो.

मग लोकसंख्या ताडून बघा. २०२५च्या पुण्याच्या रचनेत सुमारे ३४ लाख ८१ हजार लोकसंख्येमागे १६५ नगरसेवक होते, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ८४ हजारांच्या आसपास. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालतं. हा हिशेब २०११च्या आकड्यांवर होतो, हे मला मुळीच पटत नाही. उपनगरांत तेव्हापासून केवढी माणसं वाढली! पण हरकतीत तो वाद घालू नका, त्यावर निर्णय देणं सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात नसतं.

हरकतीत ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. आदेशातला कोणता निकष मोडला ते लिहा, प्रगणक गटांचे क्रमांक द्या आणि पर्यायी हद्द सुचवा. वस्तीचे गट परत मागताना प्रभाग दहा टक्क्यांच्या वर जात असेल, तर त्या बदल्यात कोणते गट सोडायचे तेही सांगा. हे न सांगितलेली हरकत एका वाक्यात फेटाळता येते. पक्षाचं किंवा नगरसेवकाचं नाव नको.

मुदत थोडी असते. शेवटच्या दिवसाची वाट न बघता अर्ज द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. सुनावणीला बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. तिथे नाल्याचा आणि गल्लीचा फोटो, रंगवलेला नकाशा पुढे ठेवा आणि वस्तीतल्याच बाईला बोलू द्या. ही संधी हातची घालवू नका. संविधानाच्या अनुच्छेद २४३ झेडजीमुळे अंतिम रचनेविरुद्ध कोर्टात दाद मिळणं फार अवघड.

हरकत मान्य झाली तरी प्रारूप मतदारयादी येईल तेव्हा ती घरोघरी नेऊन तपासा. हद्दीलगतच्या गल्लीतली नावं हमखास शेजारच्या प्रभागात पडलेली असतात, आणि त्यासाठी हरकतीची मुदत वेगळी असते.