गोबरगॅस: बांधून झाल्यानंतरची कामं

गोबरगॅस बंद पडला की खापर बांधकामावर फुटतं. बहुतेक वेळा टाकी ठणठणीत असते, चुकलेली असते ती भरणी. खालची मापं २ घनमीटरच्या, म्हणजे रोज तेवढा गॅस देणाऱ्या, पक्क्या घुमटाच्या संयंत्राची आहेत.

त्याला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. गोठ्यात बांधलेल्या गाईचं दिवसाला साधारण १० किलो धरा. चरायला जाणाऱ्या जनावराचं जेमतेम निम्मं हाती लागतं. तेवढं शेण जमत नसेल तर १ घनमीटरचंच बांधा, मोठी टाकी अर्धपोटी ठेवण्यात काही हशील नाही.

पहिल्या भरणीला सुमारे २ टन शेण आणि तितकंच पाणी लागतं. रोजच्या ५० किलोच्या हिशेबाने हे शेण सुमारे ४० दिवस साठवावं लागतं, तेव्हा ते ओलं आणि झाकलेलं ठेवा. वाळलेलं चालत नाही. चालू संयंत्रातली स्लरी (आंबलेला पातळ शेणकाला) मिळाली तर एकूण भरणीच्या दहाव्या हिश्शाइतकी मिसळा, जिवाणूंचं विरजण आयतं मिळतं. भरताना गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, भरून झाल्यावर बंद करा.

पहिला गॅस पेटत नाही. त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्यावर, आगीपासून लांब सोडून द्या. उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत ज्योत धरते, थंडीत जास्त दिवस जातात. ज्योत नीट धरल्यावरच रोजची भरणी सुरू करा. इथेच घाई नडते: आधीच शेण ओतत राहिलं तर आत आम्ल साचतं, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात आणि स्लरीला आंबूस वास येतो. असं झालं तर भरणी काही दिवस थांबवा आणि चुन्याची निवळी थोडी थोडी घाला. सामू (आम्लता मोजायचा आकडा, pH) ७ च्या आसपास यायला हवा.

शेण-पाण्याचा रोजचा काला हातानेच कालवा, गुठळी आणि काडी बोटांना लगेच लागते. काडी-कडबा तरंगून वर साय धरतो, माती-वाळू तळाशी बसून जागा खाते. शेण आणि पाणी एकास एक घ्या. शेण घट्ट असेल तर पाणी थोडं वाढवा. फिनाईल किंवा साबणाने गोठा धुतलेलं पाणी टाकीत नको, आणि प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराचं शेणही नको.

ज्योत फडफडते किंवा मध्येच विझते, तेव्हा आधी नळीत पाणी साचलंय का बघा. गॅस दमट असतो, नळीत गार झाला की पाणी सुटतं. नळीला शंभर फुटांत एक फूट उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. ज्योत पिवळी असेल तर बर्नरला हवा कमी पडतेय, बर्नर सोडून वर उचलली जात असेल तर जास्त होतेय. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर आच मंदच राहणार, कारण तिच्या जेटचं भोक या गॅसला फार बारीक पडतं.

गळती साबणाच्या फेसाने शोधा, काडी पेटवून कधीही नाही. साफसफाईसाठी रिकाम्या टाकीतही उतरू नका. आत प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो.

रोज जेवढा काला आत जातो, जवळपास तेवढीच स्लरी बाहेर यायला हवी. गॅस नीट वापरला जात असूनही ती सतत कमी येत असेल तर टाकीला तडा गेला आहे का, ते तपासा.