घरात कुणाला ओसीडी असेल, तर 'हो, केलाय बंद' म्हणणं कसं कमी करावं

आई रात्री विचारते, "गॅस बंद केलास ना रे?" तुम्ही "हो" म्हणता. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. ओसीडीत, म्हणजे मंत्रचळात, त्या 'हो'ने क्षणभर हायसं वाटतं आणि विचारल्याशिवाय भीती जात नाही, हे मनात आणखी पक्कं होतं. तुम्ही मायेपोटी उत्तर देता, पण पोसला जातो आजार.

१. आठवडाभर वहीत लिहा: आजारासाठी घरातलं कोण काय करतं? उत्तरं देणं, कुलूप पुन्हा ओढून बघणं, बाहेरून आल्यावर सगळ्यांनी कपडे बदलणं, जादा साबण आणून देणं.

२. निवांत वेळी आईसोबत बसून प्रत्येक गोष्टीला भीतीचे ० ते १०० गुण द्या. सुरुवात ३०-४० गुणांच्या गोष्टीपासून करा. भांडण चालू असताना हा विषय काढूच नका.

३. काय बोलायचं ते आधीच ठरवा: "आई, तुला भीती वाटतेय, कळतंय मला. पण उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय ना? चल, इथेच बसू." "काही होत नाही गं" हेसुद्धा उत्तरच आहे. मान डोलावणंही.

४. रोज दहा वेळा उत्तर देत असाल तर आठवडाभर पाच वेळा द्या, मग दोनदा, मग बंद. पहिले काही दिवस प्रश्न वाढतात, रागही येतो. इथेच बहुतेक घरं माघार घेतात. नऊ वेळा गप्प राहून दहाव्यांदा बाबांनी उत्तर दिलं, तर चिकाटीने विचारलं की उत्तर मिळतं हेच आई शिकते. म्हणून नियम सगळ्यांचा एकच हवा, आजीचासुद्धा.

न सांगता साबण लपवणं किंवा नळ बंद करणं टाळा; त्याने विश्वास तुटतो. "एवढी शिकलेली असून!" हा टोमणाही नको. मनात घाणेरडे किंवा हिंसक विचार येतात असं तिने सांगितलं तर दचकू नका. ते तिला नकोच असतात, म्हणून तर ती घाबरते.

सोवळं म्हणून दुर्लक्षही करू नका. धुण्यात, तपासण्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल किंवा कामं अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. भीतीला सामोरं जाऊन कृती रोखायला शिकवणारी ईआरपी थेरपी मागा. गोळ्यांचा पुरता परिणाम दिसायला योग्य डोसवर ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करू नका.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. मरणाची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.