पावसाळी ट्रेक आणि नदी: हवामान बघताना या चुका टाळा

शनिवारी रात्री फोनवर पुण्याचं हवामान बघायचं, ‘हलका पाऊस’ दिसला की सॅक भरायची आणि रविवारी पहाटे ताम्हिणी घाटाची वाट धरायची. दर पावसाळ्यात सगळ्यात जास्त लोक हीच चूक करतात. पुण्याचा पाऊस आणि घाटमाथ्याचा पाऊस यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

25 जुलै 2024 ची सकाळ आठवा. त्याआधीच्या 24 तासांत शिवाजीनगरला सुमारे 114 मिलिमीटर पाऊस झाला होता. शहराच्या मानाने तोच प्रचंड होता, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं होतं. त्याच काळात ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. समुद्रावरून आलेले वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच सोडून देतात. पुण्याच्या बाजूला उतरेपर्यंत त्यांच्यात फारसं उरलेलं नसतं. म्हणून हवामान खात्याच्या इशाऱ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाट परिसराचा उल्लेख वेगळा असतो. बघायचा तो. वाट कोकणात उतरणारी असेल तर रायगड किंवा ठाण्याचाही.

इशारा वाचतानाही दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे शब्दांमागचे आकडे. ‘जोरदार’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, ‘अति जोरदार’ म्हणजे 204.4 पर्यंत आणि त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. खात्याचा दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. शनिवारचा ऑरेंज अलर्ट रविवारी पहाटेलाही लागू असतो. म्हणजे तुम्ही पायथ्याच्या गावात गाडी लावून चालायला लागता तेव्हा तो अजून चालूच असतो. घाट परिसराला रेड असेल तर ट्रेक रद्द करायचा, त्यावर ग्रुपमध्ये मतदान नको. ऑरेंज असेल तर ओढा ओलांडावा लागेल अशी कुठलीही वाट मी धरत नाही.

डोक्यावर पाऊस नाही म्हणून ओढ्यात उतरणं

सगळ्यात जास्त जीव इथे जातात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही अकरा जण मुळशी खोऱ्यातल्या एका रानवाटेने गेलो होतो. सकाळी वाटेतला ओढा घोट्याएवढा होता, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजता यावेत. दुपारी साडेतीनला परत आलो तेव्हा आमच्या अंगावर भुरभुरसुद्धा नव्हती. पण तोच ओढा चहाच्या रंगाचा झाला होता. सकाळचे पाय ठेवायचे दगड दिसत नव्हते, आणि पाण्याच्या आवाजाखाली दुसराच एक घुमा आवाज येत होता: तळाशी दगड गडगडत होते. पलीकडचा काठ जेमतेम वीस पावलांवर. आमच्यातले दोघे बूट काढायलाही लागले होते.

बरोबर गावातले एक मामा वाटाडे म्हणून होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला चिखलात एक काठी रोवली आणि आम्हाला मागे बसायला सांगितलं. पंधरा मिनिटांत पाणी काठीवर चार बोटं चढलं. “अजून वरचं यायचंय,” एवढंच ते म्हणाले. जवळजवळ दोन तास आम्ही तसेच बसून होतो. मग काठी बुडापर्यंत उघडी पडली, पाणी तिच्याही खाली उतरलं, गढूळपणा कमी झाला, तेव्हा त्यांनी आधी स्वतः पाय टाकून बघितला. टॉर्चच्या उजेडात गावात पोचलो, पण अकराचे अकरा पोचलो.

यामागचा हिशोब साधा आहे. समजा ओढ्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भागातलं पाणी त्यात येतं तो भाग, पाच चौरस किलोमीटर आहे आणि वरच्या पठारावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला. हे पाणी होतं अडीच लाख घनमीटर. त्यातलं निम्मं जरी तासाभरात ओढ्यात उतरलं तरी सेकंदाला सुमारे पस्तीस टन पाणी तुमच्यासमोरून जातं. कातळ उघडा असतो आणि माती आधीच भिजलेली असते, त्यामुळे मुरायला जागाच नसते. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं ते त्यामुळेच.

दिलासा एकच, छोटा ओढा जितक्या लवकर चढतो तितक्या लवकर उतरतोही. वरचा पाऊस थांबला की काही तासांत वाट बहुतेक मोकळी होते. तेव्हा सॅकमध्ये एक जास्तीचं जेवण आणि टॉर्च हवाच, म्हणजे बसून राहणं जड जात नाही. पाणी उथळ आणि नितळ असताना ओलांडायचं झालं तरी सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, बूट काढू नका, तोंड वरच्या प्रवाहाकडे ठेवा आणि काठीचा आधार घ्या. दोर कमरेला बांधून पाण्यात कधीही उतरू नका. पाय घसरला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

पाणी अचानक मातकट होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणं, आवाज बदलणं, यातलं एक जरी जाणवलं तरी तडक काठावर चढायचं. फोटो राहू द्या. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी वाढत होतं. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला. उभं राहण्याची जागा चुकली की पोहता येणं, ताकद, कशाचाच उपयोग होत नाही.

सांदण दरीचं तर नावही पावसाळ्यात काढू नये. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधली वाट अरुंद. लोंढा आला तर बाजूला व्हायला जागाच नाही. जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात एखादी वळवाची सरही तिथे पुरेशी आहे.

नदीला पाणी पावसानेच येतं असं समजणं

कोलाडची कुंडलिका याचं उत्तम उदाहरण आहे. तिथलं राफ्टिंग वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतं. पाणी साधारण सकाळी सुटतं आणि काही तासांनी ओसरतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही पात्र भरतं. कोरड्या दिसणाऱ्या पात्रात मधल्या खडकावर जाऊन बसणं किंवा मुलांना डोहात सोडणं म्हणूनच धोक्याचं आहे. आधी गावात नाहीतर राफ्टिंगवाल्यांना विचारा, ‘आज पाणी कधी सुटणार?’

धरणाखालच्या प्रत्येक नदीला हे लागू आहे. विसर्गाच्या बातमीत क्युसेकचे आकडे येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 10 हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास तीन लाख लिटर. भोंगा ऐकू आला की सामान आवरत बसू नका. आणि लाइफ जॅकेट सैल ठेवू नका. खांद्याला धरून कुणी वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये.

वीज आणि गारठा

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडांवर विजेचा धोका जास्त असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर बुरुज, माची, एकटं झाड, लोखंडी रेलिंग सगळं सोडून खाली उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. रेंज असेल तोवर ते उघडून बघा.

गारठ्याला मात्र कुणी मोजतच नाही. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. त्यावर घाटमाथ्याचा वारा आणि अंगाला चिकटलेली सुती जीन्स, एवढ्यावर जुलैतही माणूस थरथरायला लागतो. बोलणं अडखळायला लागलं, पावलं चुकायला लागली, तर तो दमलेला नाही, गारठलेला आहे. ओले कपडे आधी उतरवा, कोरडे चढवा, वाऱ्याआड बसवून गरम गोड काहीतरी द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड सॅकच्या तळाशी असू द्या.

निघताना पायथ्याच्या गावात कुणाला तरी वाट, किती जण आणि परतायची वेळ सांगून जा. त्यांनाच विचारा, काल रात्री वर पाऊस किती होता आणि ओढा कधीपासून चढलाय. माथा गाठला नसला तरी दुपारी दोनला जिथे असाल तिथून परत फिरा.