प्लग गरम लागतोय? तिथूनच सुरुवात करा

इस्त्री वीस मिनिटं चालली की बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला बोट लावून बघा. पिनांना हात नको, त्या तापलेल्या असू शकतात. प्लग किंचित कोमट असेल तर ठीक. चटका बसला, सॉकेटभोवती काळपट डाग दिसला किंवा जळका वास आला, तर आतली पकड बहुधा सैल झाली आहे. सैल जोडाचा रोध वाढतो, आणि करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते. म्हणूनच चार्जर वर्षानुवर्षं निमूट चालतो त्याच सॉकेटला इस्त्री जाळते. ते सॉकेट वापरणं आजच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

मग एक्स्टेंशन बोर्ड उलटा करून त्यावरचा आकडा वाचा. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो. 6 अँपिअरच्या बोर्डावर तो लावूच नका.

आता मेन बोर्ड. एमसीबी म्हणजे आपोआप पडणारा खटका; तो जास्त करंटपासून वायर वाचवतो. शॉक बसलेल्या माणसासाठी तो वेळेत पडेलच असं नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, हवा. नसेल तर बाकीचे खर्च थांबवून आधी हा बसवा, असं मी कळकळीने सांगेन. असेल तर कॉम्प्युटर बंद करून दर दोन-तीन महिन्यांनी त्याचं ‘टेस्ट’ बटण दाबा. खटका पडला नाही तर तो बदला. उगाच पडत असेल तर सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. ज्याला लावल्यावर पडतो, ते उपकरण दुरुस्तीला. पाणी तापवायची कॉइल वापरत असाल तर प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका.

बिलाचा हिशोब सोपा आहे: वॉट गुणिले तास, भागिले 1000, म्हणजे युनिट. 2000 वॉटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट. तेवढ्यात 9 वॉटचा एलईडी शंभर तासांहून जास्त जळतो. दिव्यांवरून घरात वाद घालण्यापेक्षा गिझर आंघोळीआधी लावा आणि झाली की बंद करा. एसी 18 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, तो फक्त जास्त वेळ चालतो. 26 वर ठेवून पंखा हळू लावा. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर रबर पुसा, नाहीतर बदला.

शेवटी एका रात्री फ्रिजसकट सगळी बटणं बंद करून मीटरचा लुकलुकणारा दिवा पाहा. तरीही लुकलुकत असेल तर विसरलेलं उपकरण शोधा. सेट टॉप बॉक्ससारखं 10 वॉटचं काही अखंड चालू राहिलं तर महिन्याला 7 युनिट जातात. सगळे प्लग काढूनही लुकलुकणं थांबलं नाही, तर वायरिंगमधून वीज गळत असेल. सकाळी पहिला फोन इलेक्ट्रिशियनला करा.