जुन्या थाळीत नवी प्लेट

कुंभाराचं चाक नाही म्हणून सिरॅमिक राहून गेलंय असं म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. प्लेटला चाक लागतच नाही, साचा म्हणून एक पसरट भांडं लागतं आणि ते पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतं, नाहीतर घरच्या माळ्यावर असतंच. मी टवके उडालेली इनॅमलची थाळी वापरते. फक्त काठ आत वळलेला नको, माती अडकून बसते. आणि माप जरा मोठंच घ्या कारण स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) माती वाळून-भाजून १० ते १२ टक्के आटते, म्हणजे १० इंचाची प्लेट हातात येते तेव्हा जेमतेम ९ ची असते.

माती मळून जुन्या सुती चादरीवर ठेवायची, दोन्ही बाजूंना ६ एमएम जाडीच्या लाकडी पट्ट्या आणि त्यावरून लाटणं, म्हणजे जाडी आपोआप सारखी येते. मधूनमधून उलटा. मग जुन्या एटीएम कार्डाने दोन्हीकडून घासून दाबून घ्या, हे टाळलं की पुढे तडे. नक्षी हवी तर आत्ताच, आजीचा क्रोशाचा रुमाल दाबा किंवा पुरणयंत्राची जाळी (ठिपके फार गोड येतात).

उचलताना चादरीसकट उचला, एका कोपऱ्याला धरून नाही. माती ते लक्षात ठेवते, वरून सपाट केली तरी भट्टीत पुन्हा वाकते.

थाळीत आधी ओला पेपर घाला नाहीतर स्टील, काच, इनॅमल सगळ्याला माती चिकटते. मग स्पंजने मधून काठाकडे दाबत जा. थाळीच्या आत केलं तर माती आटताना स्वतःच सुटते, पण उपड्या भांड्यावर घातली तर ती आटत आटत त्यालाच आवळते. माझी पहिली प्लेट अशीच काचेच्या बाउलवर रात्रभर राहिली आणि सकाळी मधोमध उभी चीर! तर उपडं असेल तेव्हा साबणाच्या वडीइतकी कडक झाली की लगेच काढायची. मे महिन्यात दोन-तीन तासात होते, जुलैत दिवस जातो.

काठ आधी वाळतो म्हणून त्यावर प्लास्टिक, आणि आठवडाभर घाई नाही. गालाला लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे.

घरच्या ओव्हनमध्ये हे होत नाही हं. पहिली भाजणी १००० डिग्रीच्या आसपास, मग ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) लावून दुसरी १२०० च्या वर, मातीप्रमाणे. बरेच पॉटरी स्टुडिओ पैसे घेऊन भाजून देतात, माती घेण्याआधीच त्यांची भट्टी किती तापते ते विचारा. जेवायला वापरणार असाल तर ग्लेझ फूड-सेफच घ्या, आणि बुडाचं ग्लेझ ओल्या स्पंजने पूर्ण पुसा, नाहीतर प्लेट भट्टीच्या फळीला चिकटते आणि फळीचे पैसेही आपल्यालाच भरावे लागतात.