तंबूतल्या मुक्कामाची तयारी: ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

शहापूर किंवा मुरबाडकडच्या एखाद्या आलिशान कॅम्पची जाहिरात बघताना मऊ गादी, पांढरीशुभ्र चादर आणि तंबूपुढची वेताची खुर्ची डोळ्यांत भरते. तयारीची यादी मात्र न्हाणीघरापासून सुरू करा. बुकिंगचे पैसे भरण्याआधी फोन लावा आणि विचारा, पाणी कुठून येतं? विहीर, बोअर की टँकर?

ठाणेकराने तर हा प्रश्न विचारायलाच हवा. आपल्या नळाला येणारं बरंचसं पाणी भातसेचं आहे आणि भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. तानसाही तिथलंच, १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर आल्याशिवाय हंडा भरत नाही. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशन या सरकारी योजनेत गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. तंबूतला टब एकदा भरायचा तर दीडशे लिटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे तिथल्या जवळजवळ तीन माणसांचं दिवसभराचं पाणी. हा हिशेब मला फार लागतो. त्यामुळे टब किंवा तंबूमागे खासगी छोटा तलाव असलेली जागा मी उन्हाळ्यात घेत नाही, कुणाला सुचवतही नाही. हिवाळ्यातसुद्धा सोलरवर तापलेलं बादलीभर पाणी आणि तांब्या पुरेसा आहे. थंडीच्या सकाळी उघड्या आभाळाखालच्या न्हाणीत कढत पाणी अंगावर घेण्यात जे सुख आहे, ते टबात नाही.

पाणी येतं कुठून हे कळलं की ते जातं कुठे हेही विचारा. ‘आम्ही इको-फ्रेंडली आहोत’ एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी कर्दळीच्या किंवा केळीच्या वाफ्यात सोडलेलं असेल तर उत्तम. संडासाचा मैला सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जात असेल, तर खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब आहे ना, याची खात्री करा. काही ठिकाणी बायो-डायजेस्टर असतो. हे तंत्र डीआरडीओने सियाचिनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी विकसित केलं. टाकीतले जिवाणू मैला खाऊन त्याचं पाणी आणि वायू करतात. पण हे जिवाणू फिनेल, अ‍ॅसिड, ब्लीच यांनी मरतात. म्हणून घरून संडास साफ करायचा द्रव नेऊ नका आणि कॅम्पवाल्याने स्वच्छतेच्या नावाखाली तो ओतला असेल तर तसं बोलून दाखवा. ओले वाइप्स तर घरीच राहू द्या. बहुतेकांमध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत आणि टाकी तुंबवतात. सुती रुमाल दोन जास्तीचे घ्या.

तंबू कसा आहे हेही फोनवरच विचारायचं. सध्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या गोल घुमटांचं आकर्षण आहे. फोटो सुंदर येतात. पण असा घुमट उन्हात आतल्या आत तापतो, मग एसी आला, एसीसाठी जनरेटर आला, आणि ज्या शांततेसाठी आपण घोडबंदर रोड सोडून आलो तिच्यातच डिझेलची घरघर सुरू होते. त्यापेक्षा जाड सुती कॅनव्हासचा स्विस टेंट घ्या. वर दुहेरी छप्पर, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या, खाली जमिनीपासून थोडा उचललेला लाकडी ओटा. वारा खेळतो, पावसाचं पाणी अडत नाही आणि उद्या तंबू काढला तर जमीन तशीच राहते. काँक्रीट ओतून वर तंबू ताणलेला असेल तर ते बांधकामच झालं. दिवे किती आहेत, तेही विचारून ठेवा. वाटेपुरते, खाली झुकलेले, पिवळसर दिवे चालतात. झाडांवर रात्रभर रंगीत माळा लावणाऱ्या ठिकाणी पक्षी आणि कीटक हैराण होतात, आणि आकाशही आपल्याला माजिवड्यातून दिसतं तेवढंच दिसतं.

जमीन खासगी आहे की वनखात्याची, हे विचारायला संकोच करू नका. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. अशी नोंदणी असेल तर मालक अभिमानाने सांगतो. स्वयंपाक कोण करतं, वाटाड्या कोण, याचीही चौकशी करा. वारली, ठाकूर, कातकरी वस्त्यांच्या शेजारी हे कॅम्प उभे राहतात. तिथल्या बाईच्या हातची भाकरी ताटात असेल आणि तिचे पैसे तिला मिळत असतील, तर मला त्या तंबूचं भाडं जड वाटत नाही.

आता तारीख. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ. ओढ्यांत थोडं पाणी असतं, गवत सोनेरी होतं, पहाटे दव पडतं. जानेवारीत पांगारा आणि काटेसावर फुलू लागतात. तारे बघायचे असतील तर कॅलेंडरात अमावास्या शोधा. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा भर असतो, त्याच्या आसपास चंद्र नसेल तर ती रात्र सोडू नका. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या तंबूत राहू नये. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली कळायच्या आत येऊन पोचतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीचे काजवे हा मोह मला कळतो, पण त्याची तयारी वेगळी. काजव्यांचे नर प्रकाश लुकलुकवून मादीला बोलावतात, आणि आपल्या टॉर्चच्या, मोबाइलच्या, गाडीच्या झोतात त्यांची ती भाषा पुसली जाते. त्यांचं पंखांचं आयुष्य मोजक्या आठवड्यांचं असतं. तेव्हा काजव्यांसाठी जायचं तर गाडी लांब लावून, दिवे न लावता, झाडाखाली न जाता, दुरून बघायचं. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी हिवाळाच धरावा.

जायचं कसं? शहापूरसाठी ठाण्याहून कसारा किंवा आसनगावची लोकल पकडा आणि आसनगावला उतरा. नवी मुंबईकरांनी वाशी-पनवेलहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. मुरबाडला लोकल जात नाही, कल्याण स्टेशनजवळच्या आगारातून एसटी मिळते. पुढच्या टप्प्यासाठी कॅम्पवाल्याला जीप किंवा रिक्षा सांगून ठेवा. चार कुटुंबं चार गाड्या घेऊन गेली की वाटेवरच्या धुळीतच अर्धा आनंद जातो. सामान जास्त आहे ही सबब मला पटत नाही, कारण या मुक्कामाला सामान कमीच लागतं. गादी, पांघरूण, टॉवेल सगळं तिथे असतं, त्याचेच तर पैसे दिलेत.

तरी बॅगेत काय हवं ते सांगते. मातकट, हिरव्या, करड्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायघोळ विजारी, म्हणजे डासांचं मलम अंगभर चोपडावं लागत नाही. मलम लावलंच तर ओढ्यात उतरू नका, ते पाण्यातल्या बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना बाधतं. पहाटेच्या गारठ्यासाठी एक स्वेटर, कानटोपी, मोजे. घोटा झाकणारे बूट, चप्पल फक्त तंबूत. स्टीलच्या बाटल्या माणशी एक, आणि एक मोठा स्टीलचा डबा, येताना उरलेलं अन्न किंवा विकत घेतलेले वाल आणायला. टॉर्च घ्या, त्यावर लाल जिलेटिन कागद रबराने बसवा. लाल उजेडात डोळ्यांना झालेली अंधाराची सवय मोडत नाही आणि समोरच्याच्या तोंडावर झोत पडत नाही. अंगासाठी शिकेकाई-रिठ्याची पूड किंवा साधा साबण, पण धुणं-आंघोळ ओढ्यापासून किमान साठ मीटर लांब. ‘नैसर्गिक’ साबणही वाहत्या पाण्यात फेस करतोच. सॅनिटरी पॅडसाठी जुने वर्तमानपत्र आणि झाकणाचा डबा वेगळा ठेवा, ते परत घरीच आणायचेत. मुलींना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे अवघडल्यासारखं होत नाही. दुर्बीण असेल तर आठवणीने घ्या. ब्लूटूथ स्पीकर नको. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहेच, पण दिवसाही नको. पिंगळ्याची कलकल आणि दूरवर भेकर या छोट्या हरणाचं भुंकणं ऐकायला मिळतं ते कान मोकळे असले तरच.

खाऊच्या पुड्या जितक्या कमी, तितका कचरा कमी. चिवडा, लाडू, शेंगदाणे घरच्या डब्यांतून न्या. जेवणाचं आधी ठरवा आणि सांगा: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा. पनीर टिक्का आणि नूडल्स मागवले की ते सगळं शहरातून प्लॅस्टिकमध्ये बांधून येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पनवेल-कर्जतच्या बाजूला जात असाल तर पोपटीची फर्माईश नक्की करा. मडक्यात भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या ताज्या शेंगा, बटाटे, कांदे, हवी असतील तर अंडी, मीठ-ओवा, वर पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. तेल नाही, पाणी नाही, ताटंसुद्धा पानांची. पंचतारांकित जेवण म्हणून मी हेच दाखवीन. एक दिवस आधी सांगावं लागतं, कारण शेंगा आणि पाला ताजा आणावा लागतो.

शेकोटीबद्दल मी कडक आहे. जाळ हवा तर तो जमिनीवर नको, लोखंडी परातीत किंवा उचललेल्या शेगडीत हवा. मातीवर पेटवलेल्या जाळाने खालचे जीव आणि बिया भाजून निघतात आणि तो काळा डाग पुढच्या पावसापर्यंत राहतो. लाकूड जंगलातून गोळा करून आणू नका, मुलांनाही काटक्या वेचायला पाठवू नका. पडलेल्या लाकडात किडे, गोगलगायी, सरडे राहतात, आणि ते सरपण शेजारच्या पाड्यावरच्या चुलीचं आहे. कॅम्पवाल्याकडे शेतातल्या छाटणीचं लाकूड असेल तर तेवढंच वापरा. फेब्रुवारीनंतर पानगळीने रान कोरडंठाक होतं, एका ठिणगीने वणवा लागतो. तेव्हा शेकोटी नाहीच. प्लॅस्टिकची पिशवी किंवा थर्माकोल जाळात टाकणारा एखादा सोबती असतोच, त्याला निघण्याआधीच सांगा.

तब्येतीची तयारी थोडक्यात. नेहमीची औषधं, जखमेची पट्टी, ओआरएस. रात्री चालताना टॉर्च पायाखाली, सकाळी बूट झटकून मगच पाय आत. आपल्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. कुणाला दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका; तो भाग हलू न देता १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. कॅम्पपासून तिथे जायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कुणाची मिळते, हे आल्या आल्या विचारून कागदावर लिहा, कारण डोंगराआड मोबाइलची रेंज जाते. उरलेलं अन्न तंबूबाहेर ठेवू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

पैसे थोडे रोख न्या, रेंज नसली की यूपीआय चालत नाही. वाटाड्याला, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हातात द्यायचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. मध, नाचणी, वाल, वारली चित्रं विकत घ्यायची तर घासाघीस करू नका.

निघायच्या दिवशी ओला कचरा तिथल्या खतखड्ड्यात जाऊ द्या, सुका कचरा मात्र बांधून सोबत आणा. पाड्यावर तो उचलायला घंटागाडी येत नाही, आपल्या सोसायटीच्या दारात येते. कपड्यांना आणि मोज्यांना चिकटलेली कुसळं आणि आघाड्याच्या बिया तिथेच काढून टाका, त्या तिथल्या मातीच्या आहेत. आणि रविवारी संध्याकाळी आसनगावहून परतीच्या लोकलला बरीच गर्दी असते, म्हणून दुपारच्या जेवणानंतर लगेच निघा, मुलांना बसायला जागा मिळते.